बर्लिनमध्ये नवीन आहे: हे शहर नेमकं कुठून धरायचं?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

नोकरीनिमित्त पुण्याहून बर्लिनला आलेय. घर वेडिंगला, ऑफिस श्टाटमिटेला, त्यामुळे रोजचा प्रवास ऊ-६ने (ऊ-बान म्हणजे इथली मेट्रो), मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. सामान लागलं, पालिकेत नाव नोंदवून झालं (घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत करावं लागतं), आता कुठे शहराकडे बघायला सवड मिळतेय. आणि बघतेय तर काही केल्या हे शहर हाती लागत नाही.

पहिलं नवल स्टेशनचं. फुटपाथवरून जिना उतरलात की थेट फलाट. गेट नाही, फिरता दांडा नाही, गणवेशातला माणूस नाही. पिवळी गाडी येते, दाराचं बटण दाबायचं, आत बसायचं. पुण्याच्या मेट्रोत कार्ड टेकवल्याशिवाय पुढे सरकता येत नाही आणि इथे एवढ्या मोठ्या शहरात लोकांवर एवढा विश्वास?

दुसरं, मला अजून 'गावात' जाता आलेलं नाही. पुण्यात 'जरा गावात जाऊन येते' म्हटलं की मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रोड हे समोरच्याला न सांगता कळतं. इथे ऑफिसात विचारलं, तर एकीने अलेक्झांडरप्लाट्झ सांगितलं, दुसऱ्याने झू स्टेशन आणि कुडाम हा खरेदीचा रस्ता, तिसरा म्हणाला, मी कशाला जाऊ कुठे, मला क्रॉइत्सबेर्गमध्ये सगळं मिळतं. तिघंही इथेच जन्मलेले.

तिसरं घरांचे नंबर. परवा एका सहकारी बाईंनी जेवायला बोलावलं होतं, १८ नंबर. १७ सापडला. आपल्या हिशोबाने १८ समोर हवा म्हणून रस्ता ओलांडला, तर समोर १४२! परत इकडे आले तर १७च्या शेजारीच १८. आणि खाली बेलपाशी फ्लॅट नंबर नाहीतच, नुसती आडनावांची उतरंड.

तर प्रश्न असे: पास कुठला घेऊ? सायकल घेऊ का, की हिवाळ्यात ती तळघरातच पडून राहील? आणि सुट्टीच्या दिवशी शहर बघायला सुरुवात कुठून करू? प्रेक्षणीय स्थळांची यादी नकोय, ती कुठेही मिळते. शहर कळायला हवंय.

कल्याणकसारा

गेट नाही याचं नवल पुणेकरांनाच वाटणार! आमच्या मध्य रेल्वेवर कुठे आहेत गेटं? रोज लाखो माणसं विना गेट चढतात-उतरतात. फक्त आमच्याकडे त्याला कुणी 'विश्वास' म्हणत नाही, 'टीसी आज दादरच्या पुलावर आहे' म्हणतात.

ठाणेकरीण

@कल्याणकसारा, हाहाहा, अगदी! फरक इतकाच की इथला टीसी ओळखू येत नाही. साध्या कपड्यात असतात. जॅकेट, पाठीला सॅक, कानात हेडफोनसुद्धा. दारं बंद झाली की दोघंतिघं एकदम ओळखपत्र काढतात. तोपर्यंत शेजारी उभा असलेला मुलगा कॉलेजचा वाटत असतो.

चाफेकळी, कामाचं सांगते. तिकीट नसेल तर ६० युरो, जागच्या जागी. 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. मशीनमधून कागदी तिकीट काढलं तर फलाटावरच्या छोट्या खांबावर शिक्का मारायचा. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही. पाहुणे हमखास यातच सापडतात, पाकिटात कोरी करकरीत तिकिटं घेऊन. तुमच्या नावाचा पास असेल आणि घरी राहिला असेल, तर नंतर दाखवून ७ युरोत सुटता येतं.

तिखटजाळ

>> इथे एवढ्या मोठ्या शहरात लोकांवर एवढा विश्वास?

हे वाक्य जर्मनीत आलेला प्रत्येक भारतीय पहिल्या महिन्यात लिहितो. माफ करा, पण यात विश्वासबिश्वास काही नाही. हिशोब आहे. जुन्या स्टेशनांना रस्त्याच्या मधोमध दोन अरुंद जिने, तिथे गेट बसवायला जागा नाही. बसवली तर माणसं, दुरुस्ती, अपंगांसाठी वेगळी वाट, आग लागली तर बाहेर पडायचा प्रश्न. त्यापेक्षा तपासनीस फिरवणं स्वस्त.

आणि विश्वासाचं म्हणाल तर विनातिकीट प्रवास हा इथे फौजदारी गुन्हा आहे. कलम २६५अ, नाझी काळात १९३५ साली घातलेलं, अजून तसंच. पुन्हा पुन्हा सापडलं की प्रकरण कोर्टात जातं, दंड भरायला पैसे नसले तर माणूस तुरुंगात. अशांचे दंड भरून त्यांना बाहेर काढणारा एक निधीच २०२१ पासून चालतो, 'फ्रायहाइट्सफोंड्स' नावाचा. ज्याच्याकडे पास आहे त्याला हा विश्वास वाटतो. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत त्याला विचारा.

शांताराम_सातारा

तिखटजाळ यांच्याशी सहमत आणि असहमत. हिशोब असेल, पण रोज कुणी न अडवता आत जाण्याचा मनावर परिणाम होतोच ना? मुलाकडे गेलो होतो तेव्हा मला तरी फार बरं वाटलं होतं. आपण संशयित नाही असं.

तिखटजाळ

काका, तुमच्या खिशात मुलाने काढून दिलेला पास होता म्हणून. (हलके घ्या.)

शांताराम_सातारा

होता खरा. :)

जुनाबर्लिनकर

धागा उघडला आणि ऊ-६ वाचून थांबलो. चाफेकळी, तुम्ही रोज ज्या बोगद्यातून जाता त्याबद्दल कुणी सांगितलंय का?

मी ऐंशीच्या दशकात पश्चिम बर्लिनला शिकायला आलो, तेव्हा भिंत होती. ऊ-६ पश्चिमेतून निघायची, पूर्व बर्लिनच्या पोटाखालून जायची आणि पुन्हा पश्चिमेत बाहेर पडायची. वेडिंगनंतर राइनिकेनडॉर्फर श्ट्रासे हे पश्चिमेतलं शेवटचं स्टेशन, तिथे तशी घोषणा व्हायची. मग गाडीचा वेग कमी. पुढची स्टेशनं यायची पण गाडी थांबायची नाही. अर्धवट उजेड, भिंतीवर जुन्या जाहिरातींचे पापुद्रे, फलाटावर विटांनी बुजवलेली एक चौकी आणि तिच्या फटीतून बघणारा पहारेकरी. गाडीत कुणी बोलायचं नाही असा नियम नव्हता, पण बोलणं आपोआप कमी व्हायचं. वर, रस्त्यावर, या स्टेशनांचे जिने बुजवलेले. पूर्वेच्या नकाशात ही लाइनच नव्हती. खालून गाडी जाताना वरच्या लोकांना जमीन थरथरलेली तेवढी कळायची. या वाटेसाठी पश्चिमवाले पूर्वेला भाडंही मोजायचे.

यातलं फ्रीडरिशश्ट्रासे तेवढं चालू होतं, कारण तिथे सीमा ओलांडायची सोय होती. फलाटावरच पूर्वेच्या सरकारचं दुकान, करमुक्त दारू आणि सिगारेटी. पश्चिमेतले लोक खास त्यासाठी उतरायचे, सीमा न ओलांडता पुढच्या गाडीने परत.

आज तुम्ही ज्या श्टाटमिटेला उतरता तेही तेव्हा बंदच होतं. नॉर्डबानहोफला एस-बानच्या (इथल्या लोकल गाड्यांच्या) स्टेशनात या भुताळी स्टेशनांचं प्रदर्शन आहे, फुकट आहे, घरापासून लांब नाही. एकदा बघा. तुमचा रोजचा प्रवास आहे तोच राहील, पण खिडकीबाहेर बघाल.

भटकभवानी

बापरे. काका, यावर वेगळा लेख हवा.

कांदेपोहे

+१. लेख पाहिजेच.

चष्मिष्ट

+१

अवांतर: त्या दुकानात दारूचा भाव काय होता?

जुनाबर्लिनकर

@चष्मिष्ट, विद्यार्थ्याला परवडेल असा.

शेवंता_पाटणकर

'गावात' जायचं कुठे याचं उत्तर १९२० सालात आहे.

त्या वर्षी बर्लिन, आजूबाजूची सात शहरं, ५९ गावं आणि २७ जहागिऱ्या एकत्र करून 'बृहद् बर्लिन' केलं. शार्लोटेनबुर्ग, श्पांडाऊ, क्योपेनिक, नॉयक्योल्न, श्योनेबेर्ग, लिश्टेनबेर्ग, विल्मर्सडॉर्फ ही सगळी तोवर आपापली पालिका असलेली स्वतंत्र शहरं होती. नकाशा काढा आणि 'राटहाउस' (म्हणजे नगरपालिकेची इमारत) शब्द असलेली स्टेशनं शोधा. राटहाउस श्पांडाऊ, राटहाउस नॉयक्योल्न, राटहाउस श्टेग्लिट्झ. प्रत्येकाची नगरपालिका, प्रत्येकाचा बाजार, प्रत्येकाची मुख्य पेठ. एकाच नावाचे रस्ते अनेक ठिकाणी आहेत तेही यामुळेच. 'बर्लिनर श्ट्रासे' असा पत्ता कुणी दिला तर पिनकोड मागून घ्या, नाहीतर शहराच्या भलत्याच टोकाला पोचाल.

त्यात १९४९ नंतर राजकारणाने दोन मध्यं वाढवली. पूर्वेने अलेक्झांडरप्लाट्झ सजवलं, पश्चिमेने कुडाम. म्हणजे तुमच्या ऑफिसातली तिघंही बरोबर आहेत. कोण कुठे वाढलं एवढंच त्यांनी सांगितलं.

घरांचे नंबर: काही रस्त्यांवर जुन्या प्रशियन पद्धतीने नंबर एका बाजूने १, २, ३ असे शेवटपर्यंत जातात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात. नंतरच्या रस्त्यांवर सम-विषम आहे. एकाच भागात दोन्ही सापडतं. उपाय सोपा आहे, कोपऱ्यावर रस्त्याच्या नावाची पाटी असते तिच्यावर त्या तुकड्यातले नंबर बारीक अक्षरात लिहिलेले असतात. रस्ता ओलांडायच्या आधी मान वर करायची.

कल्याणकसारा

म्हणजे ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर एक करून त्याला मुंबई म्हटल्यासारखं. डोंबिवलीकर मुंबईला जाताना 'मुंबईला जातो' म्हणणार ते म्हणणारच.

चाफेकळी

जुनाबर्लिनकर काका, आज ऑफिसला जाताना फोन बॅगेतच ठेवला. ओरानिएनबुर्गर टोअरला गाडी थांबली तेव्हा समोर उभी असलेली बाई दही खात होती आणि तिच्या बाजूला कुत्रा झोपला होता. त्याच फलाटावर बंदूकधारी उभा असायचा हे डोक्यात बसेना.

शेवंताताई, पाट्या बघितल्या. खरंच आहेत आकडे! एवढे दिवस डोळ्यांसमोर होते.

सायकलचं कुणीच बोललं नाही.

सायकलराव

बोलतो. मी उट्रेख्टला असतो, कामासाठी बर्लिनला जाऊनयेऊन. घ्या सायकल, डोळे मिटून घ्या. शहर सपाट आहे, रस्ते रुंद आहेत. हिवाळा वगैरे सगळी कारणं. आमच्याकडे पावसात, वाऱ्यात, शाळेतली पोरं सायकलने जातात. हवामान वाईट नसतं, जॅकेट वाईट असतं.

ठाणेकरीण

@सायकलराव, नेदरलँड्समधून सल्ला द्यायला काय जातंय! तुमच्याकडे सायकलचा मार्ग रस्त्यापासून वेगळा असतो. बर्लिनला तो कधी फुटपाथवर, कधी रस्त्यावर रंगवलेली पट्टी, आणि कधी मध्येच गायब. त्यात आतल्या गल्ल्यांत दगडी फरशी, हाडं खिळखिळी होतात. बर्फ पडला की फुटपाथवर मीठ नाही, बारीक खडी टाकतात. ती वसंतापर्यंत तशीच पडून असते आणि टायरात घुसते. शिवाय डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. ऑफिसातून निघताना रोज अंधार.

चाफेकळी, मत विचाराल तर एप्रिल ते ऑक्टोबर सायकल, बाकी गाडी. आणि हे लक्षात ठेवा:

लाल दिव्याला सायकल दामटली तर ६० युरोपासून पुढे, वर सरकारी नोंदवहीत एक पॉइंट. चालवताना फोन हातात धरला तर ५५. दिवे नसतील तर वेगळा दंड. सायकल गाडीत न्यायची असेल तर तिचं वेगळं तिकीट. आणि ट्रामचे रूळ कधीही तिरपे ओलांडू नका, जमेल तितके काटकोनात.

सायकलराव

खडीचं मान्य. बाकी तुमचा हिवाळा तुम्हाला लखलाभ.

मधुमालती

कुलपाचं कुणी सांगितलं नाही! सायकल जुनी घ्या, कुलूप महाग घ्या. उलटं करणारे महिन्याभरात पायी दिसतात.

गोंयकार

बरा धागा आहे. मी लिस्बनला असतो. आमच्याकडच्या बऱ्याच लोकांनी आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगालचे कागद केले, त्यातलाच एक.

बर्लिन सपाट असल्याचा हेवा वाटतो बाबांनो. इथे सात टेकड्या सांगतात, चढताना मला सतरा वाटतात. फुटपाथ म्हणजे छोटे छोटे चुनखडीचे दगड, दिसायला सुंदर, पावसात साबण. मेट्रोला गेट आहे, कार्ड टेकवल्याशिवाय आत नाही. पास मात्र झक्कास: एप्रिल २०१९ पासून लिस्बन पालिकेपुरता महिना ३० युरो, आणि ४० युरोत आसपासच्या पालिकांसकट सगळं. आधी लोक टप्प्याटप्प्याचे वेगळे पास काढायचे, त्यात पगाराचा लचका जायचा.

२८ नंबरच्या ट्रामचे फोटो सगळ्यांनी बघितले असतील, पिवळी, लाकडी बाकं. पाहुण्यांना आनंद, त्या डोंगरावर राहणाऱ्या म्हातारीला मात्र बाजाराची पिशवी घेऊन उभं राहायला जागा नाही. त्यात पाकीटमार. मी पाहुण्यांना सकाळी सातला बसवतो.

दूरदेशी

व्हिएन्नाचं सांगू का? २०१२ पासून वर्षाचा पास ३६५ युरो, म्हणजे दिवसाला एक. इतकी वर्षं आम्ही जगाला ऐकवलं. जानेवारी २०२६पासून वाढवला. आता ऐकवायला काही उरलं नाही.

तिखटजाळ

लक्झेंबर्गवाले अजून ऐकवू शकतात, मार्च २०२०पासून अख्ख्या देशात सार्वजनिक वाहतूक फुकट (पहिला वर्ग सोडून). तालिनमध्ये तिथल्या रहिवाशांना २०१३ पासून. म्हणूनच म्हणतो, चर्चा गेटची नाही, भाड्याची करा.

कांदेपोहे

आला का परत मूळपदावर!

भटकभवानी

पासचं उत्तर मी देते, कारण धागा आता लिस्बनला पोचलाय.

चाफेकळी, डॉइचलांडटिकेट घ्या. मे २०२३मध्ये ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२५पासून ५८, जानेवारी २०२६पासून ६३. त्यात बर्लिनचं सगळं (ऊ-बान, एस-बान, ट्राम, बस) आणि वर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. आधी कंपनीत विचारा, बऱ्याच कंपन्या नोकरदारांसाठी थोडा भार उचलतात. मासिक आहे, पण आपोआप पुढे चालू राहतं. रद्द करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत, नाहीतर पुढचाही महिना कापला जातो.

शहर अ, ब, क अशा तीन पट्ट्यांत आहे. अ म्हणजे रिंगबानच्या (गोल फिरणाऱ्या एस-बानच्या) आत, ब शहराच्या हद्दीपर्यंत, क त्याबाहेर. विमानतळ आणि पॉट्सडाम क-मध्ये. तुमच्या पासात हे सगळं आलं, पण आई-बाबा आले की त्यांच्यासाठी विमानतळावर 'अबक' तिकीट काढा, 'अब' नाही.

आणि हो, शुक्रवार-शनिवारी रात्रभर ऊ-बान चालू असते. बाकी रात्री बस.

चष्मिष्ट

वाचनखूण साठवली.

रानवाटा

>> सुट्टीच्या दिवशी शहर बघायला सुरुवात कुठून करू?

रिंगबान! एस-४१ घड्याळाच्या दिशेने, एस-४२ उलट. ३७ किलोमीटर, २७ स्टेशनं, साधारण तासाभरात जिथून चढलात तिथेच परत. वेडिंग रिंगवरच आहे, म्हणजे घरातून निघून बसायचं. रविवारी सकाळी खिडकी मिळते. भिंत बांधली तेव्हा १९६१मध्ये ही रिंग तुटली, पूर्ण जोडायला २००२ उजाडलं.

शेवंता_पाटणकर

रिंगमध्ये बसून दिसणार काय? हमरस्ता, मालगोदामं, मॉलच्या पाठी. मी नवीन माणसाला रिंग कधीच सांगणार नाही. त्यापेक्षा १०० नंबरची बस, दुमजली, वरच्या मजल्यावर पुढची सीट. झू ते अलेक्झांडरप्लाट्झ, वाटेत संसद, उंटर डेन लिंडेन. साध्या तिकिटात.

रानवाटा

ताई, त्या बसमध्ये जे दिसतं ते तिच्या मागितलेल्या यादीत नाहीये. मालगोदामंच बघायची असतात! कोण कुठे चढतं, कुठे उतरतं, कुठल्या स्टेशनानंतर डब्यात तुर्की ऐकू येतं, कुठे सायकली वाढतात.

शेवंता_पाटणकर

ठीक आहे, अर्धं मान्य. पण मग खिडकीतून नको, पायी जा. रस्त्यात डांबराच्या मधून दगडांची दुहेरी ओळ दिसते, ती भिंतीची खूण. ती धरून चालत राहायचं. एका ठिकाणी ती इमारतीच्या पोटात शिरते, एका ठिकाणी पार्किंगमधून जाते. आणि ट्रामवर लक्ष ठेवा. पश्चिम बर्लिनने १९६७पर्यंत सगळ्या ट्रामा बंद करून बस आणि ऊ-बान आणली, पूर्वेने ठेवल्या. आजही ट्रामचं जाळं मुख्यतः पूर्वेकडेच. अलीकडे काही मार्ग पश्चिमेत ओढलेत, हाउप्टबानहोफच्या (मुख्य रेल्वे स्टेशनच्या) पुढेही.

जुनाबर्लिनकर

ट्रामचं बरोबर. एस-बानची गंमतही आहे. पश्चिम बर्लिनमधली एस-बानसुद्धा पूर्वेची रेल्वे चालवायची. भिंत झाल्यावर पश्चिमेतल्या लोकांनी तिच्यावर बहिष्कार घातला, तिकिटाचा पैसा पूर्वेच्या सरकारला जातो म्हणून. १९८४मध्ये ती पश्चिमेकडे आली तेव्हा रुळांत झाडं वाढली होती. माझ्या घरमालकीणबाई भिंत पडल्यावरसुद्धा एस-बानमध्ये बसायच्या नाहीत. दोन बस बदलून जायच्या.

कल्याणकसारा

बाईंना सलाम. आमच्याकडे बहिष्कार घालायचा ठरवला तरी ८:१४ची लोकल सोडवत नाही.

मधुमालती

फिरण्यावरून आठवलं, रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी भरून ठेवा. विसरलंच तर हाउप्टबानहोफसारख्या मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात, पण तिथल्या रांगेत अर्धं शहर भेटतं. बाटल्या टाकू नका, प्लास्टिकची असेल तर २५ सेंट परत मिळतात, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८. बाहेर असाल आणि बाटली न्यायची नसेल तर कचरापेटीत टाकायची नाही, पेटीच्या खाली, बाजूला उभी ठेवायची. बाटल्या गोळा करणाऱ्या माणसाला पेटीत हात घालावा लागू नये म्हणून. बऱ्याचदा पेन्शनवर न भागणारे आजी-आजोबा असतात.

तिखटजाळ

हे मात्र मला शहराबद्दल गेटांपेक्षा जास्त सांगतं.

चाफेकळी

रिपोर्ट देते.

काल रिंग केली. रानवाटा, थँक्यू. शेवंताताई, मालगोदामं खरंच आहेत. पण ट्रेप्टोअर पार्कजवळ एकदम नदी, वेस्टहाफेनला क्रेन आणि कंटेनर, टेंपेलहोफला गाडीतूनच ते प्रचंड मोकळं मैदान दिसलं. तिथे उतरलेच. विमानतळ होता म्हणे २००८पर्यंत, २०१०पासून लोकांसाठी खुला. धावपट्टीवर लोक स्केटिंग करत होते, पतंग उडवत होते, एक कुटुंब तर चक्क कांदे कापून कोळशाच्या शेगडीवर काहीतरी भाजत होतं. इथे इमारती बांधायच्या होत्या, २०१४मध्ये लोकांनी मतदान करून नाही म्हटलं असं पाटीवर वाचलं. पुण्यात एवढी मोकळी जागा कुणी बांधकामाविना ठेवली असती का हा विचार आला आणि मी तो लगेच बाजूला ठेवला, रविवार खराब झाला असता.

परत येताना एस-बानमध्ये तपासनीस आले. माझ्याच शेजारी बसलेली, लोकरीची टोपी विणत असलेली बाई! विणकाम पिशवीत, ओळखपत्र बाहेर. ठाणेकरीण, तुमचं 'ओळखू येत नाही' हे कमीच आहे.

डॉइचलांडटिकेट ऑफिसतर्फे मिळतंय. सायकल एप्रिलमध्ये. नॉर्डबानहोफ पुढच्या रविवारी.

ठाणेकरीण

विणकाम!! हे नवीन आहे.

शांताराम_सातारा

मुलाला हा धागा पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'बाबा, मी इतकी वर्षं इथे राहतो, घरांच्या नंबरांचं मला आज कळलं.'

नवआई

उशिरा येतेय धाग्यावर. आम्ही पुढच्या महिन्यात बर्लिनला येतोय, सोबत बाबागाडी. जिने-जिने वाचून पोटात गोळा आला. लिफ्ट असतात का हो?

भटकभवानी

@नवआई, बहुतेक स्टेशनांना आहेत, पण नेमकी हवी तेव्हा बंद असू शकते. लिफ्टची स्थिती दाखवणाऱ्या साइट आहेत, निघायच्या आधी बघायची सवय लावा. बस आणि नव्या ट्रामा बाबागाडीला सगळ्यात सोप्या, दार फुटपाथच्या पातळीला येतं. लिफ्ट बंद असलीच तर जिन्यापाशी नुसतं उभं राहा. कुणीतरी न बोलता पुढचं चाक उचलतं, वर ठेवतं आणि 'थँक्यू' ऐकायच्या आत निघून जातं.

कल्याणकसारा

आमच्याकडेही उचलतात. फक्त वर पोचेपर्यंत बाळाचं नाव, वजन आणि दात आले का हे विचारून होतं.